बाजूला होऊ नकोस

डोरीनने मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचं झाकण उचललं, वरच्या बटाट्याच्या चकत्या कडेने नीट करपल्यात ना ते पाहिलं आणि चार बशांच्या शेजारी पाचवी बशी मांडली.

"ही कुणाची?" विल्फने विचारलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तो तंबूतल्या त्या एकाच खुर्चीत बसून सगळा कारभार पाहत असे.

"ट्रेव्हरची."

"स्टॅनचा पोरगा माझ्या तंबूत जेवणार?"

"तंबू तुझा, विल्फ. हॉटपॉट माझं आहे."

विल्फने मान फिरवली. बाहेर दुसरी शर्यत नुकतीच संपली होती. गाड्या एकेक करून आत येत होत्या, कुणाचा आरसा लोंबत होता, कुणाच्या दारावर शेजारच्या गाडीचा रंग लागला होता. हंगामाचा शेवटचा रविवार. ब्रँड्स हॅच ट्रॅकच्या टेकडीवर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं आणि माणसं कोट काढून गवतावर पसरली होती.

डोरीनला विल्फची मान फिरवण्याची ही तऱ्हा चव्वेचाळीस वर्षांपासून माहीत होती. त्याने आणि स्टॅनने, दोघा भावांनी, बर्नलीचं गॅरेज वाटून घेतलं, पाटीवरच्या 'हेगार्थ ब्रदर्स'मधल्या 'ब्रदर्स'वर रंग फासला, तेव्हाही तो असाच भिंतीकडे पाहत उभा होता. स्टॅनच्या दफनाच्या दिवशी तो चर्चपर्यंत आला, पण सगळे आत जाऊन बाहेर येईपर्यंत गाडीतच बसून राहिला. त्या दिवशी ट्रेव्हरने गाडीची काच आणि काचेआडचा काका दोन्ही पाहिलं, आणि नंतर या घराशी तो बोललाच नाही. आई लवकर गेलेलं पोर, डोरीनच्याच टेबलाशी वाढलेलं. शाळेतून आला की आधी तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा, मग स्वतःच्या घरी जायचा.

आणि ऑगस्टमध्ये याच ट्रेव्हरने तिच्या मुलाला, गॅविनला, उलट्या गाडीतून ओढून बाहेर काढलं होतं.

"त्याने यायचं कबूल केलंय?" विल्फने तंबूच्या कापडालाच विचारलं.

"निरोप पाठवलाय."

"म्हणजे नाही."

"म्हणजे निरोप पाठवलाय," डोरीन म्हणाली, आणि लाल कोबीच्या लोणच्याची बरणी जरा जास्तच जोरात टेबलावर ठेवली.

*

गॅविनची बायको पिपा तंबूच्या तोंडाशी एफीला कडेवर घेऊन उभी होती. नऊ महिन्यांच्या एफीच्या कानांवर आवाज अडवणारी मोठाली गुलाबी झाकणं होती, आणि पिपा दर थोड्या वेळाने त्यांच्याखाली बोट घालून पाहत होती. घट्ट तर नाहीत ना? सैल तर नाहीत ना? आज सकाळपासून तिने आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते पाहून ठेवलं होतं, रुग्णवाहिका कुठे उभी आहे ते पाहिलं होतं, आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गाडीजवळच आहे ना हे दोनदा जाऊन पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने तिला बिस्किट देऊ केलं.

यॉर्कशायरमधला तो ऑगस्टचा दिवस तिने टीव्हीवर पाहिला होता, एफीला दूध पाजताना. गॅविन सर्वांत पुढे, त्याच्या मागे ट्रेव्हर. मग गॅविनचं टायर फुटलं, गाडी बांधावर चढली आणि कोलांट्या खात पलीकडे गेली. ट्रेव्हरपुढचा सगळा रस्ता मोकळा झाला. त्याच मोकळ्या रस्त्यावर ट्रेव्हरने ब्रेक मारला. पडद्यावर दिसलं ते एवढंच, की लाल अंगरख्यातला एक माणूस बांधावरून धावत गेला. पट्टा अडकला होता, पेट्रोल गळत होतं, हे तिला नंतर कळलं. मागून येणारे सगळे पुढे निघून गेले. ट्रेव्हरच्या हातून ती शर्यत गेली आणि वर्षभर कमावलेली गुणांची आघाडीही गेली, ती मार्लो नावाच्या ड्रायव्हरकडे.

तिने त्याला फोन केला होता. "हो. बरं. ठीक आहे ना तो?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला होता.

"आठवा!" गॅविन आत येत म्हणाला. त्याचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. फासळ्या सांधल्यानंतरची ही त्याची पहिलीच खेप. "आठव्या नंबरवर आलो, आणि अजून सगळे दात जागेवर आहेत. एफी, बघ, बाबाचे दात!"

"दुखतंय का?" पिपाने विचारलं.

"हसलो की."

"मग हसू नकोस."

"ट्रेव्हर जिंकला," विल्फ म्हणाला. ते कौतुक होतं की तक्रार, कळायला मार्ग नव्हता.

एवढ्यात बाहेर कर्णा खरखरला. दर रविवारचा हा खेळ सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. दुसरी शर्यत जिंकणाऱ्याने पिशवीतून एक चेंडू काढायचा. त्यावर जो आकडा असेल तेवढ्या गाड्या तिसऱ्या शर्यतीला उलट्या क्रमाने उभ्या राहणार, म्हणजे जिंकणारा मागे आणि मागचा पुढे. वर जिंकणाऱ्याच्या गाडीत शिशाचे ठोकळे बसवायचे, ते वेगळंच. लागोपाठ कुणी सहज जिंकू नये आणि लोकांनी संध्याकाळपर्यंत घरी जाऊ नये, म्हणून ही सगळी योजना.

"ट्रेव्हर हेगार्थने चेंडू काढलाय," कर्ण्यातला माणूस ओरडला, "आणि आकडा आहे... आठ!"

टेकडीवरून हसण्याचा आणि टाळ्यांचा लोट आला. गॅविन पहिल्या जागेवर. ट्रेव्हर आठव्या.

"स्वतःच्या हाताने बसवलं त्याने मला तिथे," गॅविन म्हणाला.

"मार्लो कुठे आहे?" डोरीनने विचारलं.

"ट्रेव्हरच्याच आसपास. पण मार्लोला काही करायची गरजच नाही, आई. ट्रेव्हरने तिसरी शर्यत जिंकली तर वर्षाचा किताब ट्रेव्हरचा. नाही जिंकली तर मार्लोचा."

"मग सोपं आहे," विल्फ म्हणाला. त्याने पहिल्यांदा मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. "तू पहिल्या जागेवरून सुट. तो मागून येईलच, स्टॅनचाच आहे. तुझ्या मागे आला की बाजूला हो. त्याला किताब मिळेल. आणि फिटलं."

"काय फिटलं?" डोरीन म्हणाली.

"जे असेल ते."

"तुझ्या मुलाचा जीव वाचवला त्याने, विल्फ. दुकानातून आणलेलं दूध आहे का ते, फिटायला?"

"तेच म्हणतोय ना मी! आयुष्यभर स्टॅनच्या पोराच्या उपकाराखाली राहू मी?"

"हो," डोरीन म्हणाली. "रहा की. मी राहतेय, मला काही झालेलं नाही."

गॅविन बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसला. अडचणीत आला की तो असंच काहीतरी हाताला काम शोधायचा. "पिपा?" त्याने वर न पाहता विचारलं.

"विल्फ बरोबर बोलतायत," पिपा म्हणाली.

डोरीनने सुनेकडे पाहिलं. रागाने नाही. पण एखादी वाटी भलत्याच कपाटात सापडावी, तशी त्या दोघांना एका बाजूला पाहून ती जरा थबकली. लग्नाच्या केकपासून पाळण्याच्या रंगापर्यंत पिपाचं आणि विल्फचं कशावर एकमत झालं नव्हतं.

"त्याने तुझ्यासाठी जिंकणं सोडलं," पिपा म्हणाली. "तूही सोड. मला त्याला काहीतरी द्यायचंय, गॅविन. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

"आणि तो लिव्हरपूलचा माणूस?" गॅविनने विचारलं. पुढच्या वर्षी गाडी द्यायची की नाही ते ठरवायला एका संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. सकाळपासून हातात कॉफी घेऊन तो कठड्याशी उभा होता.

पिपाने एफीच्या कानावरचं झाकण पुन्हा नीट केलं. आपण जे बोललो ते सगळं खरं होतं हे तिला माहीत होतं. आणि त्याच्या आड आणखी काय होतं, तेही तिला आत्ता, बोलून झाल्यावर, स्वच्छ दिसलं. पुढे असताना बाजूला होणाऱ्या ड्रायव्हरला कुणी पुन्हा बोलवत नाही.

*

जेवण अर्धवट टाकून ती एफीला घेऊन निघाली. पाचवी बशी रिकामीच होती.

ट्रेव्हरची जागा पॅडॉकच्या, म्हणजे तंबू आणि गाड्यांच्या आवाराच्या, दुसऱ्या टोकाला होती. दार काढलेल्या गाडीत एक मेकॅनिक आडवा पडून शिशाचे ठोकळे तिच्या तळाला आवळत होता, आणि ट्रेव्हर उकिडवा बसून ते पाहत होता. चाळिशी ओलांडलेला, रुंद, टक्कल पडू लागलेला. बाजूने पाहिलं तर तो इतका विल्फसारखा दिसत होता, की पिपा क्षणभर थांबली.

"ट्रेव्हर."

तो उठला. त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "पिपा. ही ती का?"

"एफी."

"हं. कान झाकलेत. छान." मग काही सुचेना म्हणून तो म्हणाला, "आंटीचा निरोप मिळाला. पण... तुला माहितेय."

"माहितेय. मी जेवायला बोलवायला नाही आले." पिपाने सबंध वाटेत वाक्य जुळवलं होतं, ते आता गेलं. "मी तुमचे आभार मानायला आले. फोनवर नीट जमलं नाही. रात्री तो घोरतो ना, ट्रेव्हर, तर मी जागी राहून ऐकते. पूर्वी लाथ मारायचे."

ट्रेव्हर कानापर्यंत लाल झाला. "लाथ मार. लहानपणी एका खोलीत झोपायचो आम्ही. लाथेशिवाय थांबत नाही तो."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून घाईघाईने ती पुढचं बोलून गेली. "आज तो तुम्हाला पुढे जाऊ देईल. तुम्ही त्याच्या मागे आलात की तो बाजूला होईल. काळजी करू नका."

ट्रेव्हरच्या चेहऱ्यावरचा लाल रंग ओसरला. आतल्या मेकॅनिकचा पानाही थांबला.

"जरा चहा पिऊन ये रे," ट्रेव्हर त्याला म्हणाला. तो गेल्यावर आवाज न चढवता त्याने विचारलं, "हे कुणी ठरवलं? अंकल विल्फने?"

"मी पण."

"गॅविनने?"

"तो बुटाची नाडी बांधत होता."

"म्हणजे नाही ठरवलं त्याने." ट्रेव्हरने गाडीच्या टपावर हात ठेवला. "ऐक पिपा. मी ब्रेक मारला तेव्हा त्याची किंमत किती ते मी पाहिलं नव्हतं. आता तुम्ही लोक किमतीची चिठ्ठी चिकटवून ती मला परत देताय. आणि लोकांना कळत नाही असं वाटतं तुला? त्या टेकडीवरची पोरंसुद्धा ओळखतात कोण खरा हरला आणि कोण बाजूला झाला ते. जन्मभर माझ्याकडे पाहून म्हणतील, याला भावाने दिलेला किताब."

"मला फक्त..."

"तू चांगल्या मनाने आलीस. कळतंय मला. पण तो बाजूला झाला ना, तर मी त्याच्या मागेच थांबेन. तोही हळू, मीही हळू. मार्लो येऊन दोघांना मागे टाकेल, आणि सगळा देश टीव्हीवर आम्हा दोघा गाढवांना बघेल." त्याने एफीकडे पाहिलं. "मी कुणाला बाहेर काढलं? हळू चालवणाऱ्याला? त्याला सांग, मला अडव. जमेल तेवढं अडव."

पिपाने विचारलं, "तुम्हाला हवाय ना पण? किताब?"

"हवाय म्हणजे?" ट्रेव्हर म्हणाला. "रात्री झोप नाही लागत, इतका हवाय."

*

सगळ्यांनी मैदानावरून बाहेर व्हावं म्हणून भोंगा वाजणार होता. गाड्या आपापल्या जागी उभ्या होत्या, माणसांची गर्दी अजून त्यांच्यात घुटमळत होती. पिपा एफीला डोरीनकडे देऊन धावत आली आणि पहिल्या गाडीच्या खिडकीत वाकली. गॅविनने शिरस्त्राण चढवलं होतं. डोळे तेवढे दिसत होते. त्याचे हात स्टीअरिंगवर ठेवलेले होते आणि अंगठे थरथरत होते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने ते पाहिलं. ती नेहमीच सगळं पाहत असे.

अजून वेळ होता. ती नुसतं 'सांभाळून' म्हणू शकली असती. त्याने तेवढ्यावर सगळं समजून घेतलं असतं, आणि पुढचे सगळे रविवार त्यांनी घरी काढले असते.

"मी ट्रेव्हरकडे गेले होते," ती म्हणाली. "मी त्याला सांगून टाकलं. चुकलं माझं."

"काय म्हणाला?"

"बाजूला होऊ नकोस म्हणाला. अडव म्हणाला."

गॅविनने छातीवरचा पट्टा आवळला.

"आणि मीही तेच म्हणतेय, गॅविन. मघाशी मी जे म्हणाले ते त्याच्यासाठी नव्हतं. म्हणजे होतं, पण सगळं नव्हतं. मला भीती वाटते. वाटणारच. तू चालव."

भोंगा वाजला. कुणीतरी तिच्या दंडाला धरून मागे ओढलं. गॅविनचे अंगठे अजून थरथरतच होते, पण त्याने स्टीअरिंग घट्ट धरलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून तिच्याकडे पाहत राहिला.

*

पहिल्या काही फेऱ्या गॅविनला मागे फक्त निळी गाडी दिसत होती. मग पिवळी. मग निळी नाही, पिवळीही नाही, आणि आरशात लाल.

इतक्या शिशासकट हा वर आला कसा? पण तो प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. ट्रेव्हर असाच होता. लहानपणी गॅरेजमागच्या अंगणात पेडलच्या गाड्या चालवायचे तेव्हाही मागून येऊन कोपऱ्यावर नाक घुसवायचा. गॅविन रडत आईकडे जायचा. आई दोघांनाही खायला द्यायची.

उतारावरच्या वळणावर लाल गाडी आतून आली. गॅविनने दार लावून घेतल्यासारखी वाट बंद केली. मागच्या बंपरला धक्का बसला आणि फासळीत कळ गेली. पुढच्या फेरीत ट्रेव्हर बाहेरून आला. दोघे दाराला दार घासत टेकडी चढले, आणि सगळी टेकडी उठून उभी राहिली. गॅविनला त्याचं शिरस्त्राण दिसलं, इतकं जवळ, की हात बाहेर काढला असता तर टिचकी मारता आली असती.

सोडू?

पाय उचलायचा, बस. एवढंसं. कुणाला कळलंही नसतं, ट्रेव्हर सोडून. ऑगस्टमध्ये डोकं खाली, पाय वर, नाकात पेट्रोल, तेव्हा जो आवाज 'हात दे लेका, हात दे' म्हणाला होता, तो या माणसाचा होता. त्या आवाजाला काय द्यायचं? गॅविनने पाय उचलला नाही. आपण जिवंत आहोत, अंगठे थरथरतात, फासळी ठणकते, आणि शेजारी ट्रेव्हर आहे, हे त्याला एकदम इतकं बरं वाटलं की तो शिरस्त्राणाच्या आत मोठ्याने हसला. हसला की दुखायचं. दुखलं.

शेवटच्या फेरीत ट्रेव्हरने पुन्हा नाक घातलं. अर्धी गाडी आत आली. गॅविनने ब्रेक मारायला उशीर केला, जितका कधी केला नव्हता तितका, आणि गाडी कशीबशी वळली. ट्रेव्हरच्या जड गाडीला तेवढं जमलं नाही. ती जरा बाहेर गेली. जराशीच.

गॅविन पहिला आला. ट्रेव्हर दुसरा. मार्लोच्या माणसांनी कठड्यावर चढून नाचायला सुरुवात केली.

*

"बघितलंस?" विल्फ ओरडला. "बाजूला झाला नाही तो! मी सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंस," डोरीन म्हणाली. ती रडत होती आणि रडताना बशा घासत होती. "दोघंही धड आहेत. मी एवढंच बघितलं."

"आता काय करायचं आपण?"

ते त्याने कुणाला विचारलं, कळलं नाही. पिपाने मांडीवरच्या एफीची कानांवरची झाकणं काढली. बिचारीचे कान लालेलाल झाले होते. घट्टच होती तर. पिपा ते हलकेच चोळत बसली.

चषक देऊन झाले, गाड्यांची वजनं झाली, लिव्हरपूलचा माणूस येऊन गॅविनशी हात मिळवून गेला. आणि मग तंबूचं कापड बाजूला करून गॅविन आत आला, त्याच्यामागून ट्रेव्हर. दोघांचे चेहरे काळेकुट्ट. ट्रेव्हरचे डोळे सुजलेले होते. तो कुठेतरी एकटा बसून मग आला असावा.

"याने मला भिंतीत घातलं असतं," ट्रेव्हर डोरीनला म्हणाला. "तुमच्या लाडक्याने."

"रडत माझ्याकडे येऊ नकोस," डोरीन म्हणाली. "बस. गरम करते."

पण तो बसला नाही, कारण विल्फ उठत होता. त्या खुर्चीतून उठायला त्याला नेहमी कुणीतरी हात द्यावा लागे. आज गॅविन पुढे झाला तर त्याने त्याला हाताने बाजूला सारलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन तो हळूहळू, दमत, सरळ उभा राहिला. पिपाला वाटलं, आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलणार. ती एफीला घेऊन अर्धवट उठलीसुद्धा.

"मला वाटलं होतं आज फिटेल," विल्फ म्हणाला.

"माहितेय, अंकल."

"नाही फिटलं."

"नाही."

विल्फचा जबडा हलत होता. "तू थांबलास त्याच्यासाठी. मी... तुमच्या घरासाठी मी थांबलो नसतो, पोरा. त्या दिवसांत. मी सरळ पुढे गेलो असतो. तेच मला सहन होत नाही."

पिपाला ट्रेव्हरचा हात दिसत होता, तो तंबूच्या खांबाला धरून होता. तो आता निघून जाईल असं तिला वाटलं, आणि त्याला तसा हक्कही होता.

"थांबला असतात," ट्रेव्हर शेवटी म्हणाला. "गाडी उलटी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मला तरी कुठे तेव्हा सुचलं की आपलं बोलणं बंद आहे? अर्धा बांध चढलो तेव्हा आठवलं."

गॅविन फस्सकन हसला आणि फासळी धरून वाकला.

विल्फने हात पुढे केला. ट्रेव्हरने तो धरला. मग म्हाताऱ्याने दुसराही हात त्यावर ठेवला आणि सोडेचना. "थँक यू," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "थँक यू, ट्रेव्हर."

"आता बसा, अंकल," ट्रेव्हर म्हणाला. "गुडघा."

"तू बस आधी," विल्फ म्हणाला. आणि एका हाताने ट्रेव्हरला धरून, दुसऱ्या हाताने त्याने स्वतःची खुर्ची त्याच्याकडे ओढली.